पुडीवाल्या डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात वळला नाही. डॉक्टर म्हणतोय तेही गावाला तशी सवय आहे म्हणून. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी पाहिल्या, कॅलेंडर पाहिलं, नोंदणी क्रमांक मात्र कधी दिसला नाही.

मावशीला तुमच्याकडे पहिल्यांदा आणलं ते हळद काढणीच्या दिवसांत. वसमतकडच्या हळदीचं नाव होतं, पण ती वेचणाऱ्या बाईचे गुडघे जातात. तुम्ही सुई दिली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गोळ्या बांधून दिल्या. त्यात एक बारकी पांढरी गोळी होती. तिसऱ्या दिवशी मावशी कंद वेचायला वाकली. "बरं वाटायलंय मला," म्हणाली. गावानं तुमच्या हातगुणाचं कौतुक केलं आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत.

तो गुण तुमच्या हाताचा नव्हता, त्या पांढऱ्या गोळीचा होता. स्टेरॉइडचा. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सांधेवातानं खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली या संशोधनाला नोबेल मिळालं. पण हे औषध जास्त दिवस दिलं तर शरीराचं काय होतं, हेही त्याच डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं आणि त्यांनी ते जगाला सांगितलं. तुम्ही गुण तेवढा विकलात आणि पुढचं लपवलंत.

मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. याच जातीचं द्रव्य त्या रोज, विशेषतः पहाटे, स्वतः तयार करतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ ते बाहेरून मिळत राहिलं, की त्या काम सोडून देतात. मग गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते, माणूस दगावतोही. पुडी संपली की मावशीला अंथरुणातून उठवत नसे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघा, माझं औषध सोडलं की काय होतं." डॉक्टर, तुम्ही खरं तेच बोललात. माझ्या मनातून ते वाक्य जात नाही.

तिचा चेहरा गोल झाला, तर पाहुणे म्हणाले, "तब्येत धरलीस की." खरं म्हणजे दंड बारीक होत होते, कातडी जराशा धक्क्यानं फाटत होती, पायाची जखम भरत नव्हती कारण साखर वाढली होती. एक दिवस तिनं पाण्याची घागर उचलली आणि पाठीचा मणका दबला. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती महिने? आम्ही त्यांच्यासमोर तुमचा कागद उलगडला. त्यावर जुन्या बातम्या होत्या, औषधाचं नाव नव्हतं.

माझी तक्रार स्टेरॉइडबद्दल नाही. दम्याचा मोठा झटका, लहान मुलांचा मूत्रपिंडाचा आजार, अशा किती तरी ठिकाणी ते जीव वाचवतं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरच्या करोना रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी काळ्या बुरशीनं महाराष्ट्रात कुणाचा डोळा नेला, कुणाचा जबडा. मधुमेह आणि बेहिशेब स्टेरॉइड ही तिची मोठी कारणं आहेत, हे तेव्हा घरोघरी कळलं. त्या वर्षानंतर 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

खरा डॉक्टर हीच गोळी देताना नाव, मात्रा आणि दिवस लिहून देतो. सकाळी, खाऊन घ्यायला सांगतो. साखर, रक्तदाब, हाडं बघतो. पायरी पायरीनं कमी करतो. शेड्यूल एचमधलं हे औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. त्याच्या पाकिटावर लाल रेघ असते. तुम्ही गोळी पाकिटातून काढून कागदात घातलीत, म्हणजे आधी ती रेघच काढून टाकलीत.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात रांग असते, एसटीच्या वेळा जमत नाहीत, रोज बुडतो. तुम्ही रात्री नऊलाही दार उघडलंत, उधारीवर औषध दिलंत. हे उपकार आम्ही मानले असते. पण मग पुडीवर गोळीचं नाव का लिहिलं नाहीत? लिहिलं असतं तर १९६१ च्या वैद्यक व्यवसाय कायद्यापुढं तुम्ही स्वतःच्या अक्षरात सापडला असता. तुम्ही स्वतःला वाचवलंत आणि त्याची किंमत मावशीच्या मणक्यानं दिली.

आता दोन शब्द वाचणाऱ्यांसाठी. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही गावात घरात अशी बिननावाची पुडी महिनोन्‌महिने चालू असेल, तर रागाच्या भरात ती आज फेकू नका आणि मनानं बंदही करू नका. उरलेल्या गोळ्या घेऊन उपजिल्हा रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जा आणि किती महिने घेतल्या ते सांगा. आधीच बंद केल्या असतील आणि चक्कर, उलट्या, गळून जाणं सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी न्या. दारातून आत शिरताच पहिलं वाक्य पुडीबद्दलचं असू द्या.