गडचिरोलीत रुजू होणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

ऑर्डर हातात पडली की तुम्ही आधी नकाशा उघडाल, मग ओळखीच्या आमदाराच्या पीएला फोन लावाल आणि शेवटी वडशाला रेल्वेतून उतराल. तिथून पुढे एसटी आणि नशीब.

ऑफिसात शिरताच ‘आमच्याकडे पुण्याला...’ असं वाक्य ओठांवर येईल. गिळा. १९८२ साली चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून इथली टेबलं ते वाक्य ऐकत आली आहेत. बदलीचा विषयही निदान पहिल्या पगारापर्यंत काढू नका. एकस्तरचा, म्हणजे वरच्या पदाच्या पगाराचा, लाभ घेऊन रडणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

ओळख वाढवायची ती साहेबांशी नव्हे. साहेब तुमच्याआधी जातील. शिपाई, ड्रायव्हर आणि वनमजूर इथेच राहणार आहेत. भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याला बंगाली, कोरचीला छत्तीसगढी. तुमची शुद्ध मराठी फक्त परिपत्रकाला कळते. तेव्हा शिपाई वयाने मोठे असतील तर त्यांना ‘काकाजी’ म्हणा आणि गावात जाताना गाडीत पुढे बसवा.

आता खर्रा. हा धडा नीट वाचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटतात, रबर लावतात. पुडी दुपारी चारच्या सुमारास ‘तंबाखूमुक्त कार्यालय’ या पाटीखाली उघडते आणि तुमच्यापर्यंत येते. ‘हे आरोग्याला वाईट’ असं म्हणू नका; ते सांगायला २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेचे लोक गावोगाव फिरताहेत आणि तुमच्यापेक्षा चांगलं सांगतात. नुसतं ‘नाही’ म्हटलंत तर गर्विष्ठ ठरता, घेतलात तर महिनाभरात स्वतःच पुडी मागू लागता. दाताच्या डॉक्टरचं नाव पुढे करा आणि सगळ्यांचा चहा सांगा. चहा सांगणाऱ्याला सगळं माफ आहे.

दिवाळीनंतर इकडच्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. आवक-जावक सांभाळणारे बाबू एका दुपारी तिकीट पुढे करतील. घ्या. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतं. बाबू स्वतःच खलनायक असण्याचीही शक्यता आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर तातडीची फाइल ठेवणारा माणूस तालुक्यात एकटा पडतो. त्यापेक्षा ‘तिसऱ्या अंकात रडवलंत, बाबूजी’ एवढं म्हणा. तुमचं प्रवासबिल त्याच आठवड्यात निघेल.

भामरागडला नेमणूक असेल तर हे सगळं पावसाळ्याआधी उरका. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की रस्ता बंद. मग पुणं दूर, आलापल्लीही दूर. कांदा, मेणबत्ती आणि पत्त्यांचा जोड शेजारच्या क्वार्टरमधूनच आणावा लागतो. ‘आमच्याकडे पुण्याला’ म्हणणाऱ्याला जोड मिळतो, पण चार पानं कमी असलेला.

राहिला बदलीचा अर्ज. तो स्वतः लिहीत बसू नका. नमुना बाबूंच्या कॉम्प्युटरवर तयार असतो, फक्त नाव बदलायचं असतं.