आमचे खजिनदार

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या टोळक्यात एक खजिनदार असतोच. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. ड्रॅगन मेल्यावर बाकीचे एकमेकांना टाळ्या देत असताना जो विचारतो, "गुहेत काय काय आहे?", तो खजिनदार.

हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी काढला. एकजण 'डीएम' होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात. लोक येतात ते पराक्रम गाजवायला. आमचे खजिनदारही नावाला ड्वॉर्फ जातीचे लढवय्ये आहेत, हातात कुऱ्हाड आहे. पण खरं शस्त्र म्हणजे दोनशे पानी वही. वस्तू, कुठे सापडली, किती चार्ज शिल्लक, शेरा, असे रकाने पट्टीनं आखलेले. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: "अडीअडचणीला".

या खेळात जादूची वस्तू नुसती सापडून भागत नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीपासून बऱ्याच वस्तूंशी आधी 'अट्यून' व्हावं लागतं. म्हणजे तासाभराची शॉर्ट रेस्ट घ्यायची आणि त्या वस्तूवर चित्त लावून बसायचं. तेही एका वेळी तीनच वस्तूंशी. हे 'तीनच' खजिनदारांच्या जिवाला लागलेलं आहे. त्यांच्याकडे संरक्षणाची अंगठी आहे, संरक्षणाचा झगा आहे, आणि ताकद थेट 19 वर नेणारे हातमोजे आहेत. झाले तीन. चौथी वस्तू हाती आली की उलटतपासणी सुरू.

"अंगठी काढून खिशात ठेवली तर?"

"तरी जागा अडलेलीच."

"वस्तू शंभर फुटांच्या पलीकडे चोवीस तास राहिली तरच नातं तुटतं ना? मग नव्व्याण्णव फुटांवर ठेवली तर?"

"नातं टिकेल. जागाही अडून राहील. अहो, सोडायचीय की धरायचीय?"

खजिनदारांना दोन्ही करायचं असतं. एकदा त्यांना जादूच्या बुटांचे दोन जोड मिळाले आणि दोन्ही एकदम घालायचा विचार त्यांनी मांडला. नियमपुस्तकात चक्क लिहिलंय की पादत्राणांचा एकच जोड चालेल. हे लिहावं लागलं, त्या अर्थी अमेरिकेतही खजिनदार असणार.

सगळा माल राहतो 'बॅग ऑफ होल्डिंग'मध्ये. या थैलीत पाचशे पौंड सामान मावतं आणि 2014 च्या नियमांत थैलीचं वजन कायम पंधरा पौंड असे. मात्र ती फाटली किंवा जास्त भरली, तर आतलं सगळं अॅस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात उधळलं जातं. म्हणून खजिनदार वहीत पौंडापौंडाची बेरीज ठेवतात, आणि कोणी सुरी घेऊन थैलीजवळून गेलं तरी कासावीस होतात. थैलीत आगीच्या गोळ्यांची कांडी आहे. सात चार्ज. रोज पहाटे एक फासा टाकून अधिक एक, इतके परत येतात. शेवटचा चार्ज वापरला तरच, तोही वीस बाजूंच्या फाशावर एक पडला, तर कांडीची राख होते. म्हणजे सहा गोळे बिनघोर उडवावेत. कांडी चालवायला मंत्र येणारा माणूस लागतो, तेव्हा खजिनदारांना ती वापरताच येत नाही. पण आमच्या जादूगारिणीला द्यायची नाही, कारण "ती उधळी आहे". पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्यांसारखी कांडी जशीच्या तशी.

मग आला लाल ड्रॅगन. खजिनदारांचे नऊ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, उरले होते. थैलीत जखमा भरणाऱ्या औषधाच्या बारा बाटल्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे बाटली प्यायची तर अख्खी अॅक्शन जाते.

"प्या हो!" आम्ही ओरडलो.

"नऊ आहेत अजून. पन्नास सुवर्णमुद्रांची बाटली आहे, चार बाजूंचे दोन फासे आणि वर दोन. तेवढ्यासाठी वार सोडू?"

वार चुकला. ड्रॅगननं श्वास सोडला. नुकसान इतकं झालं की नियमानुसार बेशुद्ध पडायचीही सवड नव्हती. खजिनदार जागच्या जागी गेले. जादूगारिणीनं पहिलं काम काय केलं असेल तर कांडी शोधली. मेल्यावर अट्यूनमेंट तुटते, त्यामुळे अंगठी, झगा आणि हातमोजे तिघं एकदम मोकळे झाले. आम्ही वाटणीला बसणार, एवढ्यात खजिनदार म्हणाले, "थांबा. मला एक पुतण्या आहे."

पुढच्या रविवारी पुतण्या हजर. तोच ड्वॉर्फ, तीच कुऱ्हाड, तीच वही. काकांच्या मृत्यूची बातमी त्याला कशी कळली, असं डीएमनं विचारलं तर म्हणाला, "काकांनी आधीच पत्र टाकून ठेवलं होतं. यादीसह." यादीत बाटल्या बारा होत्या. पुतण्यानं त्या आमच्यासमोर दोनदा मोजून घेतल्या. कांडी मात्र जादूगारिणीनं परत केली नाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात "येणे बाकी" असं लिहिलं गेलं.

2024 च्या नव्या नियमांत औषध पिणं बोनस अॅक्शन झालं. आता त्याच पाळीत वारही करता येतो आणि बाटलीही रिचवता येते. पुतण्यानं नियम वाचला, मान डोलावली, "छान सोय झाली, अडीअडचणीला" म्हणाला आणि वही मिटली. बाटल्या अजून बाराच आहेत.

तुमच्या टेबलावर असे कोणी असतील तर त्यांना समजावत बसू नका. पाच फुटांच्या आत जा, बूच काढा आणि सरळ तोंडात ओता. दुसऱ्याला पाजायलाही बोनस अॅक्शनच लागते.