करमुक्त परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती फुगवून सांगणारा आपला इंजिनिअर लॅपटॉप काखोटीला मारून निघाला, तो मात्र दुबईला. बरोबरच आहे, जर्मनीत वरच्या टप्प्याला ४५ टक्के प्राप्तिकर, दुबईत पगारावर शून्य. महिना ३,५०० डॉलरची कमाई दाखवा, वर्षभराचा रिमोट वर्क व्हिसा घ्या. आता सेलूहून आई विचारते, ‘दिवाळीला किती दिवस राहशील रे?’ पोरगा आधी सीएला फोन लावतो. इथं १८२ दिवस भरले की तो रहिवासी. भारतातली कमाई १५ लाखांवर असेल, तर १२० दिवसांतही अडकू शकतो. म्हणजे करंज्यासुद्धा कॅलेंडर बघून.

खरं तर शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाहीच, तेव्हा करमुक्त स्वर्ग परभणीतही आहे. फक्त सोयाबीनमधून उत्पन्न निघालं पाहिजे.

आणि गंगाखेड-पालमकडचे ऊसतोड कामगार? तेही दरवर्षी मुलूख सोडून कामाला जातात. उचल घेतात, कोयता घेतात, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवतात. त्यांचा हिशेब सीए नाही, मुकादम ठेवतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा जीएसटी तेवढा जिथं असतील तिथं भरतात.