बारा हात लांबचे तात्या

माण तालुक्यात भित्रा माणूस मिळणं अवघड. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरड्या जातात आणि तरी माणूस बाजरीचं बी जपून ठेवतो. त्याला आणखी कशाची भीती घालणार? पण दर दोन-तीन गावांमागं एक तात्या असतोच. खिलार खोंडाला वेसण घालायची, तात्या पुढं. विहिरीत मोटारीपाशी साप निघाला, तात्या पुढं. दुष्काळात चारा छावणीवर साहेब आला तरी तात्याच पुढं, तेही आवाज चढवून. मात्र वरातीचं घोडं वेशीत शिरलं की तात्या दिसत नाहीत. ते आचाऱ्याच्या मागं उभे राहून आमटीत मीठ किती पडलं ते बघत असतात.

याला भीती म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या मते हा अभ्यास आहे. ‘‘बैलाचं हत्यार म्होरं असतंय, दिसतंय. घोड्याचं मागं. ज्याचं हत्यार मागं, त्याचा इस्वास कसा धरायचा?’’ साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण त्यांनी अर्धीच पाळली आहे. साहेबाच्या पुढून ते रोज जातात. घोड्याचं अंग मात्र त्यांनी लांबूनच वाचलेलं असतं. कुठल्याही घोड्यावर त्यांना अशुभ भोवरा दिसतो, आणि तो नेमका ज्या बाजूनं आपल्याला जायचं आहे त्याच बाजूला असतो.

त्यांच्या लग्नाच्या फोटोत वरात जीपमधून निघालेली आहे. ‘‘तवा जीपची फॅशन हुती,’’ तात्या सांगतात. काकू आतून म्हणतात, ‘‘फॅशन कसली? घोडं दारात तसंच उभं ऱ्हायलं. भाडं दिलं त्येचंबी.’’

आषाढी वारीत माउलींची पालखी फलटण तालुक्यात शिरते, तेव्हा तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, म्हणजे माउलींचा. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. तात्याही दरसाल जातात, माती त्यांनाही हवीच असते. फक्त अश्व पुढच्या रस्त्याला लागेपर्यंत ते दम धरतात. माउलींच्या घोड्याला कसलं भ्यायचं, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘‘माउलींना भीत न्हाई. पर माउली दिसत न्हाईत, घोडं दिसतंय.’’

गावानं उपाय केले नाहीत असं नाही. पण गावाकडं भीतीवर एकच औषध असतं, ते म्हणजे ढकलणं. पोहता येत नाही, ढकला विहिरीत. सभेत बोलता येत नाही, ढकला माईकपुढं. एका जत्रेत पोरांनी तात्यांना उचलून घोड्यावर बसवलं. ते डावीकडून चढले आणि तेवढ्याच वेगानं उजवीकडून उतरले. मग घोड्यापासूनचं बारा हातांचं अंतर वीस हात झालं. त्या दिवशी घोडंही थरथरत होतं, पण हसण्याच्या नादात तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

अखेर घोडंच तात्यांच्या रानात आलं. दिवाळीनंतर इकडचे धनगर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखाला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. रानात मेंढरं बसवली की फुकटात खत नाही, पण चांगलं खत मिळतं. तात्यांनी ज्वारीच्या किती पायली द्यायच्या ते घासाघीस करून ठरवलं आणि धनगरांचा वाडा बसवून घेतला. बिऱ्हाड कशावर लादून येतं, हे विचारायचं राहिलं. ते आलं एका बुटक्या, काटक घोडीच्या पाठीवर: वाघरी, भांडी, कोंबड्या, काल जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यांच्या वर एक नातू.

वाड्यावरच्या म्हातारीनं तात्यांचं दुखणं पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. रानाचा मालक आपल्याच रानात चोरासारखा बांधाबांधानं फिरत होता. ती हसली नाही. ‘‘बांधावर बसा,’’ म्हणाली, ‘‘घोडीकडं बघू नगा. तमाखू मळा.’’ हे काम तात्यांना येण्यासारखं होतं. ते तंबाखू मळत बसले आणि घोडी चरत चरत आपणहून जवळ आली. तात्या उठू लागले तसं म्हातारी म्हणाली, ‘‘उठायचं तर उठा. कुनी धरलंय?’’ कुणी धरलं नाही म्हटल्यावर तात्या बसले.

पुढचे धडे असेच बिनघाईचे. कान पुढं टवकारले तर घोडी विचारतेय. कान मागं चिकटले तर नको म्हणतेय. ‘‘नगं म्हनली की मागं सरायचं. इभ्रत जात न्हाई.’’ घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, दिसत नाही ते नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं. म्हणून यायचं ते खांद्याच्या बाजूनं, आणि बोलत यायचं. तात्यांची अडचण इथंच होती. त्यांचं साधं बोलणंही शेजारच्या शिवारात ऐकू जातं. त्यांनी ‘‘ये ये’’ म्हटलं आणि घोडी दाव्याच्या टोकापर्यंत मागं गेली.

‘‘त्येबी तुमास्नी भितंय की, तात्या.’’

तात्या आधी सुखावले. मग ओशाळले. त्या रात्री ते घरी इतकं हळू बोलले की काकूंनी ताप आहे का ते पाहिलं.

मग उघड्या तळहातावर चंदी, बोटं सपाट. मग आयाळ संपते तिथं, खांद्याच्या उंचवट्याशी खाजवणं. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिथं खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं. तात्यांचे ठोके कुणी मोजले नाहीत. झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी चोवीसेकशे वर्षांपूर्वी लिहून गेला की रागाच्या भरात घोड्याशी वागू नये. म्हातारीनं झेनोफन वाचला नव्हता, तिनं घोडी वाचली होती. तिची रीत एकच: घोडीला कंटाळा यायच्या आत हात काढून घ्यायचा, म्हणजे ती पुढच्या वेळी हात मागते. एका सकाळी घोडीनं तात्यांच्या काखेत तोंड घातलं. तात्या जागचे हलले नाहीत. हलता येत नव्हतं, असं ते आता म्हणतात.

भीती गेली, आणि गावावर नवं संकट आलं. तात्या घोड्यातले जाणकार झाले. खरारा कसा करावा हे ते म्हशी राखणाऱ्यांनाही सांगतात. ही घोडी भीमथडी जातीची आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं या जातीची स्वतंत्र नोंद केली आहे, ही बातमी त्यांनी धावत जाऊन म्हातारीला सांगितली. ती म्हणाली, ‘‘कागुद झाला म्हून वझं कमी हुईल का तिचं?’’ तात्यांनी त्या दिवसापासून वाड्याला दोन पायली जास्त द्यायला सुरुवात केली. आयुष्यात त्यांनी आपणहून वाढवलेला हा एकच भाव.

घोड्यावर ते आपणहून अजून बसलेले नाहीत. ‘‘बसायचं कशाला? वळख झाली की,’’ असं त्यांचं म्हणणं. पण वरातीत आता ते आचाऱ्यामागं नसतात. नवरदेवाच्या घोड्याच्या खांद्याशी उभे असतात, एक हात आयाळीत, दुसरा डीजेवाल्याच्या दिशेनं उगारलेला. फटाक्यांची माळ लावणाऱ्या पोरांना ते ज्या शब्दांत पिटाळतात ते इथं छापता येणार नाहीत, आणि तेही हळू आवाजात. तेव्हा यंदा माणात कुणाच्या घरी लग्न असेल, तर त्यांनी घोडं ठरवताना तात्यांनाही आवतण द्यावं, आणि डीजे ठरवूच नये.