चाकं बदलायची का? नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

सुरुवातीलाच एक मान्य करून टाका : तुमचं ठरलेलं आहे. रोडबाईक घेऊन आठ महिने झाले, रविवारच्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी मागच्या चाकाचा टर्रर्र आवाज कानावर पडला आणि त्या क्षणीच ठरलं. आता फक्त विचारपूर्वक निर्णय घेतल्यासारखं दिसायचं आहे.

पायरी पहिली. स्वयंपाकघरातला वजनकाटा, घरात कुणी नसताना, बाहेर काढा. सायकलसोबत आलेली अॅल्युमिनिअमची जोडी, टायर-ट्यूब आणि कॅसेट सोडून, दोन किलोच्या आसपास भरते. मनात भरलेली कार्बनची जोडी दीड किलो. वाचलं अर्धा किलो. वहीत लिहा, खाली दोन रेघा मारा. आता त्याच धडाक्यात स्वतःचंही वजन... नको. पायरी संपली.

गणिताची खाज असेलच तर : तुम्ही, सायकल, पाणी आणि पंक्चरचं सामान मिळून 90 किलो धरू. सिंहगडाचा घाट तुम्हाला तासभर लागत असेल, तर अर्ध्या किलोने साधारण 20 सेकंद वाचतात. 750 मिलीची भरलेली बाटली पायथ्याशी ओतून दिली, तर त्याहून जास्त. (ओतून. पिऊन नव्हे, पोटातलं पाणीही गड चढवावंच लागतं.) वर कांदाभजीची वाट बघताना हे 20 सेकंद कुठे खर्च करायचे, तेही योजून ठेवा.

इथे ग्रुपमधला जाणकार म्हणेल, ‘‘अहो, फिरतं वजन दुप्पट धरतात!’’ बरोबर आहे त्याचं. रिमवरचं वजन जवळपास दुप्पट भारी पडतं, पण वेग वाढवताना. एका लयीत चढताना फिरतं काय नि बसलेलं काय, ग्रॅम तो ग्रॅमच. आणि घाटात तुम्ही वेग वाढवल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

50 मिलिमीटर खोल रिम वारा कापते, हेही खरं. ताशी 35 च्या पुढे तो फरक पदरात पडतो. खडकवासल्याला धरणावरून आडवा वारा आला की पुढचं चाक हँडल ओढायला लागतं, तोही फरकच म्हणायचा.

पायरी दुसरी वगळली तरी चालेल, कारण ती पटली तर खरेदी बारगळते. सायकलसोबत आलेले कडक टायर काढा आणि आठ-दहा हजारांत मऊ, चांगल्या प्रतीची जोडी घाला. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर 28 ची. आणि हवा 120 पर्यंत ठोकणं थांबवा. 75 किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये 75-80 पुरते. आपल्या रस्त्यांवर दगडासारखं टणक चाक उड्या मारतं, आणि उडणारं चाक पुढे जात नाही. जाताजाता दुकानात चाकांचा आउट काढून घ्या. लाखाच्या चाकांकडून जे सुख अपेक्षित होतं, त्यातलं बरंचसं इथेच मिळतं. आवाज तेवढा येत नाही.

चाकं खरोखर बदलावी लागतात तेव्हा ती स्वतःच सांगतात. रिमब्रेक असेल तर पावसाळ्यातला चिखल आणि ब्रेकचं रबर मिळून रिम घासून काढतात. ब्रेक लागतो ती बाजू बोटाला खोलगट लागली की गेली. एकामागून एक स्पोक तुटायला लागले, छर्रे बदलूनही हब खरखरतोय, मग वादच नाही.

पायरी तिसरी सगळेजण खोकं उघडल्यावर करतात. डिस्क की रिम, एक्सल कुठला, तुमची कॅसेट त्या हबवर बसते का. कार्बन रिमवर रिमब्रेक असेल तर रबरं वेगळी लागतात, आणि लांब उतारावर ब्रेक दाबून धरलात तर रिम तापते.

घरी किंमत विचारतील. एका चाकाची सांगा.

जुनी जोडी विकू नका. जून लागेल, पहिला खड्डा पाण्याखाली गायब होईल आणि तुम्ही निमूट जुनी चाकं चढवाल. नवी सप्टेंबरपर्यंत गॅलरीतल्या खिळ्यावर. मोजे वाळत घालायला आईला स्पोक फार सोयीचे पडतात.