उजवीकडचा हक्कदार

भाच्याने नुकताच आठ काढला. ज्यांचं लायसन्स एजंटाच्या कृपेने झालं त्यांच्यासाठी सांगतो, आरटीओच्या मैदानावर आठाचा आकडा आखलेला असतो, त्यावरून पाय न टेकवता गाडी फिरवायची. भाच्याने जीभ दातांत धरून फेरी पुरी केली. साहेबांनी कागदावरून मान न उचलताच "पुढचा" म्हटलं.

मी कडेला उभा राहून बघत होतो. अख्ख्या मैदानात पोरगा एकटा. समोरून टेम्पो नाही, मागून हॉर्न नाही आणि मुख्य म्हणजे उजवीकडून कुणीसुद्धा येत नाही. पुढे आयुष्यभर जे काही अंगावर यायचं ते उजवीकडूनच.

लर्निंगची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येते. भाच्याने ती सोफ्यावर मांडी घालून दिली आणि उत्तरं ताईने सांगितली. ताईने जन्मात सायकल चालवलेली नाही. पहिल्या फटक्यात पास झाली.

"मामा, चौकात आधी कोण जाणार?" आरटीओतून घरी येताना त्याने विचारलं. मी त्याला कायदा सांगितला. १९८९चे रस्त्याचे नियम जाऊन २०१७ साली नवे आले. सिग्नल नाही, पोलीस नाही आणि मोठा रस्ता कुठला तेही ठरलेलं नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वर्तुळ असेल तर आत शिरलेल्याचा हक्क पहिला. घाटात चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची.

"आणि खरं काय?"

खरं असं की आपल्याकडे हक्क न बघणाऱ्याचा. नीट निरखा. चौकात शिरणारा गडी मान ताठ ठेवून थेट समोर, साधारण क्षितिजाकडे बघत असतो. उजवीकडे नजर गेली आणि तुम्ही दिसलात, की त्याला ब्रेक दाबावा लागेल. म्हणून तो नजरच जाऊ देत नाही. तुम्हालाही हे ठाऊक असतं, म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघत नाही. ज्याची नजर आधी वळली तो हरला. कचकन ब्रेक लागले की दोघं एकमेकांना विचारतात, "दिसत नाही का?" दिसत असतं हो, चांगलं दिसत असतं.

वाट न देण्याला कायद्याने भाव लावला तो रुग्णवाहिकेच्या बाबतीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिची अडवणूक केली तर १०,००० रुपये. तेव्हापासून लोक तत्परतेने बाजूला होतात आणि ती पुढे गेली रे गेली की तिच्याच मागे लागतात. मोकळा रस्ता वाया कशाला घालवायचा? विनालायसन्स चालवण्याचा दंडही ५०० वरून ५,००० झाला. देशात हे १ सप्टेंबर २०१९ला लागू झालं. आपल्याकडे विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे नवे दंड वाट बघत थांबले ते डिसेंबर २०२१पर्यंत. कायद्याला चौकात इतका वेळ कुणी थांबवलं नसेल.

परवा आमच्या कॉलनीच्या चौकात मात्र अघटित घडलं. चार दिशांनी चार गाड्या एकाच वेळी आल्या आणि चारही थांबल्या. त्यांत एक भाचा, नव्या लायसन्सचा, नियम पाठ असलेला. दुसरे निवृत्त मास्तर, तिसरा दूधवाला, चौथा मी. चौघांच्याही उजवीकडे कुणीतरी होतंच. म्हणजे कायद्याप्रमाणे चौघांनी एकमेकांना वाट द्यायची आणि कुणीच हलायचं नाही. मास्तरांनी "जा, जा" असा हात केला, तो मला की दूधवाल्याला ते कळेना. भाच्याने मला खूण केली, मी मास्तरांना. दूधवाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली.

तेवढ्यात गल्लीतून जोशीकाकू आल्या, आपल्या बॅटरीच्या स्कूटरवर. ताशी २५च्या आतली, २५० वॅटच्याही आतली. कायद्याच्या लेखी ते वाहनच नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. आवाज नाही, हॉर्न नाही. पायाशी पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावतेय. काकू चौघांच्या बरोबर मधून गेल्या. कुणाकडे म्हणून बघितलं नाही.