बटाटेकाका

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एका कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झाले. नोकरी सुटली, स्टोअर्स सुटलं नाही. घरी बसल्यावर त्यांनी आधी डबे, मग औषधं आणि शेवटी बटाटे ताब्यात घेतले. डबे काकूंनी पंधरवड्यात परत मिळवले. औषधं डॉक्टरांच्या मध्यस्थीने सुटली. बटाटे मात्र राहिले ते राहिलेच.

असा माणूस पुण्यात एकच आहे असं समजू नका. मार्च उजाडला की जे घर अर्धा किलोवर न भागवता पोतंच आणतं, त्या घरात एक काका असतोच. काही घरांत तो आजी असतो.

काकांची खरेदी बघण्यासारखी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले की ते आधी भाव विचारत नाहीत. एक बटाटा उचलतात आणि सालीवर अंगठा दाबून घासतात. साल सुटून अंगठ्याला चिकटली की बटाटा खाली. "साल कोवळी आहे. आजच्या भाजीला ठीक, ठेवायला नाही." साल घट्ट, माती सुकलेली, कुठे खरचटलेलं नाही, असा माल हाती लागेपर्यंत आग्रा, इंदूर, तळेगाव असा सगळा भूगोल पालथा घालतात. दिवाळीच्या सुमारास शीतगृहातला बटाटा दिसला तर व्यापाऱ्यालाच ऐकवतात, "हा सात-आठ महिने गारठ्यात झोपून आलाय. घरी नेला की जागा होणार आणि मोड काढणार." व्यापारी मान डोलावतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हमालाने पोतं रिक्षात आदळलं की कळ काकांच्या कमरेत उठते. मुका मार बसलेला बटाटा आतून काळा पडतो, हे मग घर येईपर्यंत रिक्षावाल्याला ऐकावं लागतं.

घरी उत्तरेकडची खोली तयार असते. बटाट्याला सात ते दहा अंश तापमान मानवतं. पुण्यात तेवढा गारवा जानेवारीतल्या काही पहाटे पडतो, बाकी वर्ष तडजोडीत काढायचं. म्हणून घरातली सगळ्यात थंड खोली बटाट्यांना. लेक-जावई आले तर त्यांच्या गाद्या हॉलमध्ये. काकूंचं शिलाई मशीन त्याच खोलीत आहे, पण तिथे ट्यूब लावायची नाही. उजेडाने बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलानिन वाढतं, ते कडवट लागतं, पोटाला बाधतं आणि शिजवूनही जात नाही. बटाटे धुऊन ठेवायचे नाहीत, ओल राहते. त्यामुळे खोलीभर माती. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, घाम धरते, त्यामुळे गोणपाट. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि काकूंची खरी पंचाईत तीच आहे. चुकीचं बोलणाऱ्या नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

"मग फ्रिजमध्ये ठेवा की," असं मी एकदा म्हणालो. काकांनी चष्मा काढला. फ्रिजमध्ये बटाट्यातल्या पिठाची साखर होते, भाजी गोडसर लागते, काप तळले की करपल्यासारखे काळे होतात, असं सगळं सांगून झाल्यावरच तो परत चढवला. तळमजल्यावर नवं जोडपं राहायला आलं, तेव्हा काकांनी त्यांना आहेराच्या पाकिटाबरोबर सल्लाही दिला : कांद्याला कोरडं लागतं, बटाट्याला जरा दमट, कांदे-बटाटे ही जोडी दुकानाच्या पाटीवरच ठेवा, टोपलीत नको.

रविवार तपासणीचा. सकाळी चहा झाला की बटाटे जमिनीवर पसरायचे आणि एकेक हातात घेऊन फिरवायचा. डोळ्यातून कोंब डोकावत असेल तर नखाने खुडायचा. मऊ लागला तर नाकाशी न्यायचा. एक सडला की त्याचं पाणी शेजारच्यांना लागतं, म्हणून काका पोत्याच्या तळाशी खांद्यापर्यंत हात घालून वास घेतात. मग वाटणी होते. ताठ, टणक बटाटे पुन्हा पोत्यात. सुरकुतलेले, कोंब खुडलेले, एका अंगाला हिरवट असे टोपलीत, आणि टोपली काकूंपुढे. "हे आधी संपवा."

काकू हिरवं कापून टाकतात, उरलेल्याची भाजी करतात. आठवडाभरात पोत्यातले आणखी काही सुरकुततात, ते पुढच्या रविवारी टोपलीत येतात. म्हणजे घरात येतो उत्तम बटाटा आणि पानात पडतो उतरलेला. चांगल्याची पाळी येते ती तो बिघडल्यावर. "हे रिटायर झाल्यापासून मी ताठ बटाटा चिरलेला नाही," काकू जिन्यात उभ्या राहून सांगतात, आवाज मात्र बारीक ठेवून.

एकदा व्याही जेवायला यायचे होते, बटाटेवड्यांचा बेत होता. काकूंनी माझ्या मुलाला गुपचूप कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पिटाळून दोन किलो मागवले. घरात पाऊण पोतं शिल्लक होतं. वडे झकास झाले. काकांनी दुसरा वडा मोडून व्याह्यांना आतलं सारण दाखवलं, "बघा! नीट साठवला की बटाटा कसा राहतो!" काकूंनी सगळ्यांना आणखी एकेक वाढला.

यंदा एप्रिलमध्ये काका एका लग्नासाठी नाशिकला गेले. काकूंनी आमच्या घरचीसुद्धा किसणी नेली. बटाटे उकडले, सोलले, आणि प्लास्टिकच्या कागदांवर गच्चीभर कीस पडला. आयुष्यात पहिल्यांदा पोत्यातले चांगले बटाटे आधी संपले.

परत आल्यावर काकांनी घडी घातलेलं गोणपाट पाहिलं आणि काही न बोलता गच्ची गाठली. मागोमाग काकू, त्यांच्यामागे आम्ही. काकांनी किसाची एक काडी उचलली. ती कट्‌कन मोडली.

"हे किती टिकतं?"

"वर्षभर सहज."

काकांचा चेहरा खुलला. संध्याकाळी डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लागल्या. पुढच्या एकादशीला काकूंनी तळायला म्हणून नवा डबा काढला, तर काकांनी तो हातातून घेतला.

"अगं, हा कशाला फोडतेस? मागच्या वर्षीचा अर्धा डबा आहे अजून."